मोजणाऱ्याचे इमान

डिसेंबर अर्ध्यावर आला की कोकणात थंडी एकदाची अंगाला लागते. पहाटे सड्यावरचे गवत दवाने जड झालेले असते, हापूसच्या शेंड्यांवर मोहोराचे कोंब डोकावू लागतात आणि बागायतदार रोज सकाळी आभाळाकडे बघून फवारणीचा हिशेब मनात मांडत असतो. मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात, घराघरांत घट मांडले जातात, कुठल्या तरी वाडीत दत्तजयंतीच्या भजनाला रंग चढत असतो. भात घरात आलेले, पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या. वर्षाचा जमाखर्च मांडावा असाच हा काळ. याच पंधरवड्यात तारखांचीही दाटी होते. ६ डिसेंबरला आपण डॉ. आंबेडकरांना अभिवादन करतो. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन, तो निदान सरकारी परिपत्रकात तरी येतो. ११ डिसेंबर म्हटले की चिपळूणकडच्या जुन्या माणसांना १९६७ची ती पहाट आठवते, कोयनेच्या भूकंपाची. आणि १५ डिसेंबर? ती तारीख आपल्याकडून बहुधा तशीच निघून जाते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा तो जन्मदिवस.

त्या जन्मल्या ब्रह्मदेशात, म्यिंजानला, १९०५ साली. तिथल्या थोरल्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिकल्या पुण्यात, नोकरीही पुण्यातच. मग रत्नागिरीने त्यांची आठवण का काढावी, असे कोणी म्हणेल. पण त्यांचे मानलेले माहेर आणि सासर ही दोन्ही घरे मूळची दापोली तालुक्यातली. ज्या रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या लहानाच्या मोठ्या झाल्या ते मुर्डीचे, आणि ज्या धोंडो केशव कर्व्यांच्या त्या सून झाल्या ते मुरुडचे. आपल्याकडे सुनेला घरचीच धरतात. तेव्हा हक्क सांगायला हरकत नाही. त्यांची आठवण निघते तीही बहुधा स्कूटरवरून निघते. त्या काळात पुण्यात स्कूटर चालवणारी बाई, कुंकू न लावणारी बाई, नवऱ्याला नावाने हाक मारणारी बाई. मोठ्या माणसाची एक गंमत लक्षात ठेवली की त्याच्या कामाकडे न बघण्याची सोय होते. आज त्या कामाकडे बघावे.

माणसाचे शरीर आणि त्याच्यावर चालणारी सत्ता हा त्या कामाचा गाभा. हा विषय कर्व्यांच्या घराला पुस्तकातून कळलेला नव्हता. सतरा वर्षांचे धोंडोपंत परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, सह्याद्री चढून, पावसापाण्यातून. तिथे परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसतच नाही म्हणून परत पाठवले. वयाचा दाखला होता, पण किरकोळ देहाची साक्ष साहेबाला जास्त खरी वाटली. पुढे याच धोंडोपंतांनी १८९३ साली देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले तेव्हा मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बाईचे केस कापायचे की ठेवायचे, तिने कुणाच्या पंगतीला बसायचे, तिच्या पोटी मूल यावे की नाही, हे सारे गाव बसून ठरवत असे, आणि ठरवणाऱ्यांना त्यात वावगे काही वाटत नसे. धोंडोपंतांचा थोरला मुलगा रघुनाथ आणखी पुढे गेला. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या १९३४च्या खटल्यात त्याची बाजू मांडायला उभे राहिले ते आंबडव्याचे डॉ. आंबेडकर. मंडणगड आणि दापोली हे शेजारचे तालुके. शहाण्या माणसांना मात्र मुंबईच्या कोर्टात भेटावे लागले.

अशा घरातली सून १९२८च्या सुमारास बर्लिनला गेली. सासऱ्यांचा या जाण्याला पाठिंबा नव्हता. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचेही कुठेतरी अडते, हे आपण समजून घ्यायला हवे. नवरा, दिनकर कर्वे, पाठीशी होता. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म यांच्या नावाची मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांचा अभ्यास करणारी संस्था १९२७ सालीच उघडली होती, आणि तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. या फिशरांनी १९०८ साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन मिश्र रक्ताच्या लोकांचा अभ्यास केला होता. १९०४ ते १९०८ या काळात त्याच वसाहतीत जर्मन फौजेने हेरेरो आणि नामा लोकांची जी कत्तल केली ती विसाव्या शतकातल्या वंशसंहारांत पहिली मानली जाते. वसाहतींतून माणसे मारली जात होती आणि कवट्या पेट्यांत भरून बर्लिनला येत होत्या. शास्त्राला त्या हव्या होत्या.

फिशरांचा तर्क असा होता की गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ, तेव्हा त्याच्या मेंदूची एक बाजू अधिक वाढलेली असणार, आणि म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसणार. इतर वंशांत हा फरक दिसणार नाही. ही गोष्ट मापाने सिद्ध करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. हे काम कसे चालते ते जरा जवळून पाहू. कवटी टेबलावर ठेवायची, तिचा मध्य ठरवायचा, मग कमानीसारखे वाकलेले मापयंत्र एका खुणेवर टेकवून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचे. आधी उजवीकडे, मग डावीकडे. कपाळ, गालाचे हाड, डोळ्याची खोबण, मागचा फुगवटा. आकडा लिहायचा आणि पुढची खूण. अशा संग्रहातल्या कवटीवर शाईने क्रमांक घातलेला असतो. नाव नसते. ज्याचे नाव पुसले गेले त्या माणसाच्या कपाळावर यंत्र टेकवणारी ही बाई स्वतः एका गुलाम देशातून आलेली होती, आणि तिच्या पदवीवर सही करणार होता तो हा तर्क मांडणारा माणूस.

मापे काय म्हणाली? कवट्या थोड्याफार असमान असतात हे खरे, पण त्या सगळ्यांच्याच असतात. युरोपीय आणि बिगरयुरोपीय यांत त्या बाबतीत भेद निघत नाही. वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. इरावतीबाईंनी हेच लिहिले आणि प्रबंध गुरूच्या हाती दिला. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की फिशरांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली. पदवी मिळाली, १९३० साली त्या परत आल्या. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि ऱ्हाईन नदीकाठच्या आफ्रिकी-जर्मन मुलांची सक्तीने नसबंदी करताना त्यांच्या शास्त्राने सरकारला हात दिला.

इथे इरावतीबाईंना रणरागिणी करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्या प्रबंधात घोषणा नाही, निषेध नाही, वसाहतीतल्या कत्तलीवर अश्रू नाहीत. आहेत ते आकडे आणि त्यांवरून निघणारा, कोरडा, सावध निष्कर्ष. त्या कवट्या कुणाच्या, कशा आल्या, असा प्रश्न तिथे त्यांनी विचारलेला नाही, आणि आज वाचणाऱ्याला ते खटकते, खटकायलाच हवे. पण जे हवे होते ते सापडले असे म्हणणे त्या मुलीला किती सोपे होते! थोडे इकडचे तिकडे केले असते, दोनचार कवट्या मोडक्या म्हणून बाजूला काढल्या असत्या, तर श्रेणीही वरची मिळाली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मापात इमान राखणे याला आपल्याकडे फार मोठे समजत नाहीत. बाजारात तागडी धरणाऱ्याकडून आपण तेवढी अपेक्षा करतो. विद्वानाकडून आणि सरकारकडून करायचे राहून जाते.

परत आल्यावर त्यांनी ते यंत्र खाली ठेवले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. गावोगाव हिंडून त्यांनी माणसांची उंची, डोके, नाक मोजले, वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या जातींच्या मापांचा ग्रंथ १९५१ साली काढला. मापाने माणसाचे मूळ कळते हा विश्वास त्यांच्यात बराच काळ राहिला, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्याबद्दल त्यांना धारेवर धरले ते योग्यच आहे. मात्र या मोजणीतून त्यांना जे दिसले ते जातीच्या अभिमानाला सोयीचे नव्हते. एका नावाखाली मोडणाऱ्या जातींची अंगे एकसारखी असतील याचा भरवसा नाही, असे त्या मांडत गेल्या; एका मूळ पुरुषाच्या देहातून सगळे वर्ण निघाले आणि त्यांच्या फांद्या फुटून जाती झाल्या, ही कथा त्यांनी मानली नाही. त्यांच्या दृष्टीने जात हा आपापसांत सोयरीक करणाऱ्या माणसांचा स्वतंत्र गट होता, आणि असे अनेक गट शेजारी येऊन हा समाज झालेला होता. एम. ए.साठी समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यासाला घेतले होते ते चित्पावन. चिपळूणजवळच्या परशुरामाची कथा आपल्याला पाठ असते: समुद्रातून वाहत आलेली प्रेते, परशुरामाने त्यांना दिलेला प्राण. कथेला कथा म्हणून हात जोडावेत. पण वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर आजही उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग असे रकाने असतात, आणि आपण ते निमूट भरतो. गव्हाळ की गोरा, यावर घरात बैठक बसते. बर्लिनच्या त्या टेबलापासून आपण वाटतो तितके दूर नाही.

साठच्या दशकात इरावतीबाईंच्या हातून दोन कामे जवळजवळ एकाच वेळी होत होती, आणि ती शेजारी ठेवून वाचली तर दोन्हींचा अर्थ बदलतो. एक ‘युगान्त’, महाभारतावरचे. १९६७ साली ते पुस्तक आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरे काम कुणी फारसे वाचत नाही: कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी. ती त्यांनी आपली कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर केली आणि १९६९ साली डेक्कन कॉलेजने ती छापली. ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या प्रकरणात त्यांनी खांडववनाच्या दाहाकडे बघितले. आपण ती गोष्ट अग्नीच्या भुकेची म्हणून ऐकत आलेलो. इरावतीबाईंनी विचारले की कृष्ण आणि अर्जुन या वनाला दोन्ही बाजूंनी वेढून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जिवाला मारत का होते? आणि त्यांना त्यात भुकेल्या देवाऐवजी जमीन हवी असलेले लोक दिसले. वन जाळून शेती आणि राज्य उभे करायचे, म्हणून तिथले नाग, पशू, पक्षी यांचा निकाल लावायचा. जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले त्यांतला एक मय, आणि त्याच्याच हातून इंद्रप्रस्थाची डोळे दिपवणारी सभा उभी राहिली.

हे लिहिणारी बाई त्याच वर्षांत कोयनाकाठच्या माणसांत वावरत होती, त्यांच्याशी बोलत होती. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन, घरे, शेते गेली किंवा तुटली. कुणाला दूरच्या जिल्ह्यांत जमीन दाखवली, कुणाच्या हाती रोख रक्कम पडली, आणि कित्येक जण खालचे खोरे सोडून तिथेच डोंगराच्या वरच्या अंगाला चढले, कारण परमुलखात कुणाच्या ओळखीने जायचे? धरणाच्या भिंतीचा नकाशा इंचाइंचाने काढलेला होता. माणसे कुठे जाणार याचा तसा नकाशा कुणापाशी नव्हता. घर एक वेळ उचलता येते. शेजार, सोयरीक, गावदेवीचा मान, पालखीला खांदा कोणत्या घराने द्यायचा हा ठराव, हे सगळे ट्रकमध्ये कसे भरायचे? ज्या बाईने चाळीस वर्षांपूर्वी निनावी कवट्या मोजल्या होत्या ती आता जिवंत माणसाला विचारत होती की तुझे काय झाले. आमच्या मते इरावतीबाईंच्या सबंध विद्येतले हे वळण सर्वांत मोलाचे आहे, आणि त्याला त्यांच्या इतर पुस्तकांच्या मानाने शतांशही वाचक मिळाले नाहीत. त्या ११ ऑगस्ट १९७० रोजी गेल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली.

कोयना घाटावरची म्हणून तिची सुखदुःखे घाटावरची, असे आपण समजू नये. तिचे पाणी पोफळीच्या वीजघरातून फिरून आपल्याकडे उतरते, कोळकेवाडीला थांबते, वाशिष्ठीत मिसळते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. वाशिष्ठी बारमाही झाली ती त्या बुडालेल्या गावांच्या पाण्याने. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरले, दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा घाटाखालीही माणसे अंधारात घराबाहेर पळाली. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्यात बुडाले त्या वेळी कोळकेवाडीचे पाणी कधी, किती सोडले यावर किती वाद झाला ते आपण ऐकले आहे. नदीने घाटावरचा आणि घाटाखालचा हिशेब कधीच एकत्र करून टाकला आहे.

‘युगान्त’मधल्या एका जागी मात्र आपले इरावतीबाईंशी पटत नाही. कौरवसभेत ओढून आणलेल्या द्रौपदीने विचारले की धर्मराज आधी स्वतःला हरला होता की मला. स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? इरावतीबाईंना ही तिची चूक वाटली. एवढा भयंकर प्रसंग अंगावर आलेला असताना तिने पंडितासारखा कायद्याचा काथ्याकूट का करावा, तिने क्षत्रियांच्या सभ्यतेला हाक घालायला हवी होती, असा त्यांचा रोख आहे. पण सभ्यतेला हाक घालून त्या सभेत कोण उठले असते? अधिकाराचा प्रश्न हाच तिच्या हाती उरलेला एकुलता एक प्रश्न होता, आणि सभेतल्या एकालाही त्याचे उत्तर देता आले नाही. तसाच अधिकाराचा प्रश्न आपल्या जिल्ह्यातही उभा राहिला आहे. एप्रिल २०२३मध्ये राजापूरच्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाची यंत्रे आली. हजारो वर्षांपूर्वी कुणी कातळात माणसाची आकृती कोरून ठेवली तोच हा सडा. तेव्हा भर उन्हात बाया रस्त्यावर आडव्या झाल्या. ग्रामसभेच्या ठरावांचे काय झाले, असे गावकरी विचारत होते. त्याआधी १८ एप्रिल २०११ला जैतापूर प्रकल्पाच्या आंदोलनात साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीने एक माणूस मेला. तो दिवस धोंडो केशव कर्व्यांच्या जन्माचा, हा निव्वळ योगायोग, पण जिल्ह्याच्या दिनदर्शिकेत दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत बसतात. प्रकल्प हवा की नको यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या पोरांच्या घरांत त्या बाजूनेही बोलणारे आहेत. आमचे म्हणणे त्याच्याही अलीकडचे आहे. ज्याला उठायचे आहे त्याला मोजायला येणाऱ्याने आधी विचारले का, आणि मोजून जे निघाले ते जसेच्या तसे लिहिले का?

डिसेंबर हा महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांचा महिना. सात दिवस पोरेपोरी एखाद्या गावात राहतात, बंधारा घालतात, शाळेची भिंत रंगवतात, संध्याकाळी व्याख्यान ऐकतात आणि एका दुपारी वह्या घेऊन घरोघर सर्वेक्षणाला निघतात. बहुतेक ठिकाणी तो फॉर्म वरून आलेला असतो: घरात माणसे किती, शौचालय आहे का, गॅस आहे का. भरलेला फॉर्म पुढे जातो, गाव तिथेच राहते. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी यंदा एक तरी शिबिर पोफळी-कोळकेवाडीच्या बाजूला किंवा धरणापायी उठून आलेल्यांच्या एखाद्या वसाहतीत न्यावे, ग्रंथालयात शोधून कोयनेची ती पाहणी बरोबर घ्यावी, आणि त्यातलेच प्रश्न आज तिसऱ्या पिढीला विचारावेत: जमीन मिळाली का, ती कुणाच्या नावे आहे, सातबाऱ्यावर नाव चढले का, जुन्या गावातल्या कुणाशी अजून सोयरीक होते का, पालखी कुठे असते. फॉर्मच्या शेवटी एक रकाना हाताने वाढवावा: उत्तर देणाऱ्याला त्याचे लिहिलेले वाचून दाखवले का, आणि त्याने त्यात काही दुरुस्त करायला सांगितले का. सांगितले असेल तर ती दुरुस्ती खाली, त्याच्याच शब्दांत लिहावी, आणि भरलेल्या फॉर्मची एक प्रत त्याच्या घरी ठेवून यावे.